तपासले. ठीक आहे.

२ मार्च, शनिवार. सकाळी ७.
नवी वही. निवृत्तीला चार महिने झाले. आता रिकामं बसणं बंद.
सोरिनला आठवा महिना लागला. एकुलती एक मुलगी, पहिलं बाळंतपण. बाळाचं सगळं सामान मी जमवणार. जुनं, पण तपासलेलं. नवं घेणारे लोक दुकानातल्या दिव्यांना भुलतात. मी एकतीस वर्षं भाताच्या कुकरची झाकणं तपासली आहेत. बाबागाडीला चाकं असतात, एवढाच काय तो फरक.
पद्धत ठरवली. लेबल वाचायचं. मॉडेल नंबर आणि बनवल्याची तारीख वहीत उतरवायची. मग सरकारी साइटवर जाऊन कंपन्यांनी परत मागवलेल्या मालाची यादी बघायची. यादीत नसेल तरच माल घरात. अपवाद नाही.
हे सगळं ओक्हुईला वाचून दाखवलं. इतक्या वर्षांची बायको, पण तिला एवढंच सुचलं, "अहो, आधी पोरीला तर विचारा."

३ मार्च, रविवार
विचारलं. देगूला तिच्या घरी फोन लावला. सोरिन म्हणाली, "बाबा, जुनं काही नको. खरंच नको. आमची यादी झालीये."
जुनं म्हणजे तिला न तपासलेलं म्हणायचं होतं. या दिवसांत बायकांना नेमके शब्द सापडत नाहीत.

९ मार्च, शनिवार
पहिली खरेदी. ॲपवरून बाबागाडी. विकणारी बाई औषधाच्या दुकानासमोर भेटली. लेबल सीटच्या खाली होतं, म्हणून फुटपाथवर आडवा झालो. सात मिनिटं लागली. बाई म्हणाली, "काका, माझी बस जातेय." तिला सांगितलं, सुरक्षिततेला बस नसते. तिची बस गेलीच.
यादी पाहिली. गाडी निर्दोष. वहीत पान १.

१५ मार्च, शुक्रवार
आतापर्यंत: बाबागाडी १, टब २, उंच खुर्ची १, खुळखुळे एक पिशवी. सगळं बाल्कनीत रचलं. ओक्हुईची तक्रार, किमचीच्या फ्रिजचं दार पूर्ण उघडत नाही. हात आत घालून चाचपडत डबा काढावा लागतो. तिला म्हटलं, किमची थांबते, नातवंड थांबत नाही. ती आत निघून गेली. पटलं असावं.

१९ मार्च, मंगळवार
आजचा दिवस लाल शाईने लिहावा असा. एक पकडला!
गाडीत बसवायची बाळखुर्ची. लेबल वाचलं, तिथेच फोनवर यादी उघडली, आणि नंबर तिसऱ्या ओळीत. पट्ट्याचा खटका आपोआप सुटतो. दोन वर्षांपूर्वीच परत मागवलेली. त्या बाईला तिच्याच इमारतीच्या दारात ऐकवलं, "ताई, तुम्ही मरण विकताय मरण."
ती लालबुंद झाली. म्हणाली, "मला काय माहीत हो? माझी दोन्ही मुलं यातच बसून वाढली. नको तर घेऊ नका, पण रस्त्यात ओरडू नका. माणसं बघतायत."
बघू देत. त्यासाठीच ओरडत होतो.
संध्याकाळी तिने ॲपवर माझी तक्रार केली. शेरा: 'उद्धट म्हातारा.' खरं बोलणाऱ्याला हा देश असंच वागवतो. उद्धट चालेल, पण मी फक्त एकसष्ट वर्षांचा आहे.

२२ मार्च, शुक्रवार
सोरिनला सगळ्या सामानाचा फोटो पाठवला. उत्तर: "बाबा, प्लीज."
म्हणजे चालू ठेवा.

३० मार्च, शनिवार
एवढं ज्ञान एका कुटुंबापुरतं ठेवणं हा अप्पलपोटेपणा. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन लिफ्टजवळ कागद लावायची परवानगी मिळवली: 'बाळांच्या जुन्या सामानाची मोफत सुरक्षा तपासणी. दर शनिवारी १० ते १२. ज्येष्ठ मंडळाची खोली.' स्टिकर छापून घेतले, दोनशे. 'तपासले. ठीक आहे.' खाली माझं नाव, नामगुंग. डिंक उत्तम प्रतीचा मागितला.
आज पहिला शनिवार. दोघे आले. दोघांनाही पट मांडून बादुक खेळायचं होतं. टेबल हलवा म्हणाले.
सुरुवात संथच असते.

६ एप्रिल, शनिवार
पहिली केस! ११०४ मधली तरुण बाई, राओनची आई. गेल्या शरदात इथे राहायला आली. मुलगा सात महिन्यांचा. कुणाकडून तरी कठड्याची कॉट घेतली आहे, एका बाजूचा कठडा खाली-वर सरकतो. मला वर घेऊन गेली.
वाटेत लिफ्टमध्ये म्हणाली, "काका, जुनी आणली म्हणून हे रागावलेत. सासूबाई तर फोटो बघूनच नाक मुरडतात. तुम्ही एकदा बघून ठीक आहे म्हणालात की माझा जीव भांड्यात पडेल."
कॉट बघितली. हलवली. दाबली. कठडा तीनदा खाली-वर केला, तिन्ही वेळा खट्कन बसला. आवाजावरून कळतं. लेबल गादीखालच्या फळीला, आणि गादीवर बाळ झोपलेलं. साइट बंद होती. पण अनुभव काही बंद नव्हता.
स्टिकर लावला. बाईने कमरेत वाकून तीनदा आभार मानले. मग स्टिकरचा फोटो काढून तिथल्या तिथे सासूला पाठवला. माझ्या नावाचा फोटो कुणी काढल्याला किती वर्षं झाली!
ओक्हुईला सांगितलं. ती मुळ्याच्या चकत्या करत होती. म्हणाली, "बरं."

१३ एप्रिल, शनिवार
सात माणसं! रांग लागली. राओनच्या आईने सगळीकडे सांगितलं आहे. बादुकवाल्यांना कोपऱ्यात जावं लागलं.
एवढ्या गर्दीत प्रत्येक वस्तूसाठी साइट उघडत बसणं शक्य नाही. आता नजर तयार झाली आहे. पद्धतीत सुधारणा: संशय आला तरच यादी. आज संशय आला नाही. स्टिकर ७.
जेवताना ओक्हुईला ही सुधारणा सांगितली. ती म्हणाली, "कुकरच्या वेळीही असंच म्हणत होतात."
हा विषय आमच्या घरात काढत नाहीत. तरी एकदा नोंद असावी म्हणून लिहितो. प्रत्येक गठ्ठ्यातली तीन खोकी उघडून झाकणं बघायची, असा कारखान्याचा नियम होता. सगळेच न उघडता शिक्का मारायचे. सापडलो मी एकटा. स्वेच्छानिवृत्ती मी माझ्या इच्छेनेच घेतली. त्यांनी कागद पुढे केला नसता तरी वर्षा-दोन वर्षांत मीच मागणार होतो.

२४ एप्रिल, बुधवार
नात झाली! तीन किलो शंभर ग्रॅम. दोघी सुखरूप. सोरिन दोन आठवडे बाळंतिणींच्या केंद्रात राहणार, तिथे बाहेरच्यांना सोडत नाहीत. मग ओक्हुई मदतीला जाईल.
मी म्हटलं, छोटा टेम्पो करतो, सगळं सामान घेऊन मीच येतो. सोरिन म्हणाली, "तुम्ही या ना बाबा. मी घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी, निवांत. सामान मात्र नको."
तिच्या घरात जागेची अडचण दिसते. जावई बोलू देत नसणार.

८ मे, बुधवार
आज आईबापांचा दिवस. सोरिनने दोघांना कार्नेशनची फुलं पाठवली. ओक्हुई आपलं फूल छातीला लावूनच देगूच्या बसमध्ये बसली. दोन आठवड्यांसाठी गेली आहे. सोबत सूपसाठी वाळवलेल्या समुद्री पाल्याचं बोचकं, आमच्या अख्ख्या बाल्कनीतली एकही वस्तू नाही. निदान टब तरी ने म्हटलं.
"अहो, मी बसने जातेय."
माणसाला न्यायचं नसलं की बस आठवते.

१६ मे, गुरुवार
सकाळी खाली ॲम्ब्युलन्स. ११०४.
राओन कठडा धरून उभा राहिला. कठडा सुटून खाली आला, पोरगं त्यावरून डोक्यावर न पडता खांद्यावर पडलं हे नशीब. गळ्याजवळचं हाड मोडलं. या वयात हाड लवकर जुळतं म्हणतात.
रखवालदार सांगत होता, आई तेव्हा स्वयंपाकघरात होती.
नोंद: आई तेव्हा स्वयंपाकघरात होती.

१७ मे, शुक्रवार. सकाळी ६.
कॉट खाली कचऱ्याच्या शेडजवळ आणून ठेवली आहे. आडवी. माझा स्टिकर रस्त्याकडे तोंड करून.
आजूबाजूला कुणी नव्हतं. फळीखालचं लेबल वाचलं. घरी येऊन साइट उघडली. आहे यादीत. गेल्या नोव्हेंबरपासून आहे. कठड्याच्या खटक्याचं प्लास्टिक तडकतं, कठडा अचानक खाली येतो. वापर ताबडतोब थांबवा.
एकच खटका तपासायचा होता मला. तीनदा वाजवून बघितला होता.
परत खाली गेलो. स्टिकर निघेना. नखाने खरवडला. डिंक खरंच उत्तम होता. अर्धं नाव शेवटपर्यंत राहिलं, ते किल्लीने काढलं.

१८ मे, शनिवार
ज्येष्ठ मंडळाच्या खोलीत माणसं जमली. ज्यांच्या वस्तूंवर माझे स्टिकर आहेत ते सगळे. सोसायटीच्या ऑफिसातले चीफ पण आले. विचारलं, "नामगुंग साहेब, ती कॉट तुम्ही बघितली होती ना?"
मी उभा राहून शांतपणे सांगितलं. मी पाहिली तेव्हा कॉट भक्कम होती. पुढे धुण्यापुसण्यासाठी लोक भाग काढतात, परत जोडताना हलगर्जी होते. त्याची जबाबदारी तपासणाऱ्यावर येत नाही. मी कुणाचंही नाव घेतलं नाही.
सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. राओनची आई तिथे उभी होती. तिची सासू शेजारी. राओन आईच्या छातीशी होता, खांद्याला पट्टा.
ती पुढे आली आणि माझ्यासमोर वाकली. "माझंच चुकलं काका. चादर अडकली होती म्हणून मी कठडा काढला होता. नीट बसवला नसेन. तुम्हाला उगाच त्रास झाला."
सासू मागून म्हणाली, "मी पहिल्यापासून सांगत होते. घरात लक्षच नाही हिचं."
मी म्हटलं, जाऊ द्या, चुका होतात.
हे वाक्य मी म्हटलं.

१९ मे, रविवार
मी खोटं काहीच बोललो नाही. कठडा तिने खरंच काढला होता. तिनेच सांगितलं.

२१ मे, मंगळवार
सासू ११०४ मध्ये राहायलाच आली आहे. लिफ्टमध्ये राओनची आई भेटली. "नमस्कार काका," म्हणाली. मी मजल्यांचे आकडे बघत राहिलो. अकराव्या मजल्यापर्यंत लिफ्ट इतकी हळू जाते हे आधी लक्षात आलं नव्हतं.
तपासणीचा कागद काढून टाकला. परवानगी तशीही महिन्याचीच होती.

२३ मे, गुरुवार
ओक्हुईचे दोन आठवडे काल संपले. फोन केला. अजून काही दिवस राहते म्हणाली. मग तिने इकडची खबर विचारली. सांगितली. माझ्या पद्धतीने.
ती म्हणाली, "अहो, साइट उघडली होती ना?"
"बंद होती."
"शनिवारी सकाळी?"
"सरकारी साइट आहे. बंद पडते."
मागे नात रडत होती. आवाज मोठा आहे पोरीचा. मग ओक्हुई म्हणाली, "सोरिनला मी यातलं काही सांगितलेलं नाही. ती रोज विचारते, बाबा कधी येणार. आता तिला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला जमत नाही."
फोन तिने ठेवला. नेहमी मी ठेवतो.

२५ मे, शनिवार. सकाळी १०.
ज्येष्ठ मंडळाची खोली. कुणी आलं नाही. मीही गेलो नाही, खिडकीतून बघितलं.
साइट बंद नव्हती. उघडलीच नव्हती. फोन खिशात होता. लेबल वाचायचं तर बाळाला उठवावं लागलं असतं, गादी काढावी लागली असती, जमिनीवर आडवं व्हावं लागलं असतं. आणि चष्मा घरी राहिला होता. ती माझ्याकडे असं बघत होती, जणू मी कुणी मोठा डॉक्टर. तिच्यासमोर "थांबा, चष्मा आणतो" म्हणायचं जिवावर आलं.
एवढंच कारण. चार मिनिटांचं काम होतं.
तेरा एप्रिलच्या त्या सात वस्तूंचं काय? त्यानंतरच्या शनिवारी नवं कुणी आलंच नव्हतं. त्यांचे नंबर वहीत नाहीत.

२७ मे, सोमवार
सातही घरांत गेलो. चष्मा लावून. दारात उभा राहून म्हटलं, पुन्हा एकदा बघतो. चौघांनी बघू दिलं. दोघांनी वस्तू आधीच टाकून दिली होती. एका बाईने दार पुरतं उघडलंच नाही. "काका, तुम्ही राहू द्या. आम्ही आमचं बघतो."
चारातलं काहीही यादीत नव्हतं. निव्वळ नशीब.
११०४ ची बेल वाजवली नाही. उद्या.

३० मे, गुरुवार
तोंडाने सांगणं जमणार नाही. पत्र लिहितो. पहिला मसुदा दोन पानी झाला, त्यातलं दीड पान कारखान्याबद्दल. फाडला. दुसऱ्यात "साइट संथ होती" असं आलं. फाडला. तिसऱ्यात "माणूस आहे, चूक होते." फाडला.
चौथा: 'कॉट सहा एप्रिलला मी न तपासता ठीक ठरवली. तिचा नंबर नोव्हेंबरपासून यादीत होता. खटका मुळातच सदोष होता. कठडा तुम्ही कसाही बसवला असता तरी तो पडलाच असता. तुमची चूक नाही. माझी आहे. सगळ्यांसमोर मी हे लपवलं.' खाली सही. सोबत यादीची छापील प्रत.
वर नाव लिहायला गेलो तर नाव माहीत नाही. राओनची आई, एवढंच. खाली जाऊन टपालपेटी पाहिली. मो यनजू.
ठरलं. शनिवारी पत्र द्यायचं. मग चीफना सांगायचं. मग देगूला फोन. मग बस. सगळं एका दिवसात उरकतं.

१ जून, शनिवार. दुपारी ४.
अकरा वाजता ११०४ ची बेल वाजवली. राओनच्या आजीने दार उघडलं. मो यनजू आहेत का विचारलं. आजीला क्षणभर कळलंच नाही कोण ते.
ती नाही. सोमवारी बाळाला घेऊन माहेरी गेली, जिंजूला. "राहील थोडे दिवस," आजी म्हणाली. ज्या सुरात म्हणाली, त्यावरून थोडे नसावेत. दारात सुनेच्या चपला नव्हत्या. आजीच्या होत्या, तिच्या मुलाचे बूट होते.
मी उभ्यानेच सांगणार होतो. तिने बसवलंच. पिवळं खरबूज सोलायला घेतलं. मी बोलायला लागलो. कॉट मी तपासलीच नव्हती. नंबर यादीत होता. स्टिकर मीच खरवडून काढला. तुमच्या सुनेची यात काही चूक नाही.
आजी सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, झालं, आता शिव्या देईल. बरंच होईल.
म्हणाली, "केवढं मन हो तुमचं! परक्या पोरीसाठी स्वतःवर घेताय."
मी म्हटलं, आजी, घेत नाहीये. माझंच आहे.
"असू द्या. माझा मुलगाही असाच, कायम तिला पाठीशी घालायचा. आता नाही घालत. त्यालाही कळलंय. आणि तिने स्वतः सगळ्यांसमोर कबूल केलंय की! तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?"
मी पत्र पुढे केलं. यादीची प्रत दाखवली. तिने चष्मा शोधला, सापडला नाही. पोहोचवते म्हणाली. खरबुजाचा रस टेबलावर ओघळत होता, म्हणून पाकीट तसंच बशीखाली सरकवलं.
जिंजूचा फोन नंबर मागायचा होता. तिचा पत्ता मागायचा होता. मुलगा घरी कधी असतो ते विचारायचं होतं. "खा ना," आजी म्हणाली, "एकटेच असता म्हणे सध्या." काट्याला टोचून फोड हातातच दिली.
दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगणार होतो, पण तोंडात फोड होती. ती गिळेपर्यंत आजी सुनेच्या माहेराबद्दल बोलायला लागली. मी मान हलवत राहिलो.
चार फोडी खाल्ल्या. खरबूज गोड होतं.